‘प्रतिकूल’ म्हणजे नेमकं काय, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मार्चमधल्या एका संध्याकाळी आमच्या कासेगावच्या द्राक्षबागेवर पाच-सात मिनिटं गारा पडल्या. पश्चिमेकडच्या बाजूचे मणी फुटले, रस ओघळून पानं चिकट झाली. फळपीक विम्यात गारपिटीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. गडबडीत मी अर्जात लिहिलं, ‘प्रतिकूल हवामानामुळे नुकसान’. पेपरात रोज वाचून हाताला बसलेले शब्द. अर्ज घेणाऱ्या मुलाने विचारलं, “बाई, म्हणजे नक्की काय? पाऊस, वारं का गारा?” त्याचं बरोबर होतं. एवढी वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या मला ‘गारा’ लिहायचं सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

‘प्रतिकूल’ शब्द वाईट नाही. कूल म्हणजे काठ, त्यावरूनच अनुकूल आणि प्रतिकूल हे शब्द आले. पण हवामान प्रतिकूल असतं ते कुणाला तरी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी थंडीवर आणि दवावर पोसते. तेच दव द्राक्षाच्या पानावर उशिरापर्यंत राहिलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती. नुसतं मळभ राहिलं तर भुरी, तोही बुरशीचाच रोग. बेदाण्याचं तर विचारूच नका. शेडमध्ये जाळीवर माल टाकला की पुढचे बारा-पंधरा दिवस आमचे डोळे आभाळाकडे. पावसाचा थेंब पडायलाच हवा असं नाही, दोन दिवस दमट मळभ राहिलं तरी माल काळवंडतो, आणि काळ्या बेदाण्याचा पंढरपूरच्या सौद्यात भाव पडतो. या सगळ्याला तुमच्या बातमीत एकच शब्द.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘मेघच्छन्नेऽह्नि दुर्दिनम्’ असं आहे. ढगांनी झाकलेला दिवस तो दुर्दिन. मराठीत त्यातलं आभाळ गेलं आणि फक्त वाईट दिवस उरले. तो जुना अर्थ परत आणा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे ‘मळभ’ आहे आणि ते लहान पोरालाही कळतं.

‘अवकाळी’बद्दलही सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत बागेवर पडतो तो खरा अवकाळी. वैशाखात दुपारभर तापून संध्याकाळी गडगडाट करत येतो तो वळीव. तो त्याच्या वेळेलाच येतो, त्याला अवकाळी का म्हणायचं?

म्हणून विनंती, की बातमीत काय पडलं, किती वेळ, कोणत्या गावात आणि कोणत्या पिकावर, एवढं तरी येऊ द्या. अर्ज लिहिताना माणूस समोर तुमचाच पेपर ठेवतो.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
कासेगाव, ता. पंढरपूर, जि. सोलापूर