पाच पेले

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

तीन महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या दे, पण पुढचं वाचून मग दे. इकडं सगळे बरे, बाबांची शुगर आहे तशीच.

विकिपीडियावरचं जलसंजीवनीचं पान आठवतंय ना? डॉक्टर दिलीप महालनबीसांचा परिच्छेद मीच घातलेला. 1971, बंगालमधल्या बनगावची निर्वासितांची छावणी, कॉलऱ्याची साथ, सलाईन पुरेना म्हणून मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 च्या खाली आणलं. त्याच पानावर मी माती खाल्ली.

घरी करायची कृती होती : 1 लिटर स्वच्छ पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. मला वाटलं, खानापूरकडं कुठल्या चुलीपाशी लिटरचं माप असतंय? म्हणून 'पाच पेले' केलं. मग वाक्य फिरवताना 'पाच' उडालं. राहिलं पेलाभर पाणी! सगळं पाचपट दाट. असलं पाणी तान्ह्याला पाजलं तर जुलाब राहिले बाजूला, रक्तातलं सोडियमच चढायचं.

अकरा दिवस तसंच होतं गा. कुणी उलटवलं नाही. बेळगाव की बेळगावी यावर चर्चापानावर माझ्याशी तीन दिवस भांडणारा तूही कुठं होतास? (2014 पासून सरकारी नाव बेळगावी, ठाऊक आहे. मी अजून हरलेलो नाही.)

कळलं ते खानापूरच्या मावशीमुळं. नातवाला जुलाब लागले, आणि पानाची लिंक मीच फुशारकीनं पाठवलेली. तिनं पेल्यात ढवळून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि मला फोन. "काय डॉक्टर, डोळ्यातल्या पाण्याहून खारट पोराला देत नाहीत, एवढं अंगणवाडीच्या बाईला कळतंय." तिनं ते मोरीत ओतलं आणि अंदाजानं दुसरं केलं. पोरगं बरं आहे.

दोन मिनिटांत दुरुस्त केलं. पण त्या अकरा दिवसांत पान किती जणांनी उघडलं तो आकडा बघितला मी. सांगत नाही तुला.

बाबांना बोललो नाही. ते म्हणणार, आधी 'नीट'ची परीक्षा नीट दे, मग जगाला शिकव. तू म्हणायचास, शब्द सोपा करताना आकडा दोनदा वाच. तेव्हा तुला मास्तर म्हणून चिडवलं होतं. ते मागे घेतो, फक्त एवढंच.

चर्चापानावर माझ्या नावानं लिहून ठेवलंय : चूक कुठली, कधीपासून कधीपर्यंत, कुणाची. अजून 'प्रकाशित करा' दाबलेलं नाही. मजकूर सोबत पाठवतोय, तू आधी वाच.

पुण्यातली खोली मिळाली का? काकूंचे गुडघे? कुंदा पाठवलाय, रूममेटला दाखवू नकोस.

आणि त्या मजकुरात 'पाच' आहे ना, तेवढं बघ.

तुझा,
बाळ्या