शनिवारी ये, इगतपुरीहून फोन कर

नौपाडा, ठाणे
६ ऑक्टोबर २०१३

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल घट बसले. टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाची रांग लागलीय, आणि रात्री सगळीकडून येणाऱ्या लाउडस्पीकरच्या आवाजात मी हे पत्र लिहितोय. दसऱ्याला येणारच आहेस, तर एक दिवस आधी, शनिवारी ये. ‘ग्रॅव्हिटी’ हा अवकाशातला सिनेमा ११ तारखेला आपल्याकडे लागतोय. अमेरिकेत परवाच लागला. तुझं तिकीट काढतोय, नाही म्हणू नकोस.

नववीतली ती काचेची हंडी आठवते? सरांनी आत विजेची घंटा टांगली आणि पंपाने हवा काढायला घेतली. टोला पडताना दिसत होता, पण आवाज बारीक बारीक होत चालला होता. तू माझं मनगट घट्ट धरलं होतंस. बाहेर आल्यावर म्हणालास, “राकेश शर्माच्या यानाबाहेर असंच असणार.” त्या रात्री गच्चीवर आपण हिशेब केला होता: ठाण्याहून इगतपुरी जेवढी लांब, तेवढं सरळ वर गेलं, शंभर किलोमीटर, की हवा जवळपास संपली. स्टेशनचे भोंगे, कुकरच्या शिट्ट्या, सगळं तिथे संपलं.

त्यानंतर अवकाशातली किती युद्धं पडद्यावर पाहिली आपण, आणि प्रत्येक स्फोट कानठळ्या बसवणारा! मला दर वेळी ती हंडी आठवायची. या सिनेमात दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनने स्फोटांचा आवाज ठेवलेलाच नाही. अंतराळवीराचा हात कशाला टेकला, तर पोशाखातून जो कंप अंगात शिरेल, तेवढाच ऐकू येणार. पार्श्वसंगीत आहे, ते असू दे.

उजेडाचंही तसंच. तिथे ऊन पडलेला अर्धा चेहरा लख्ख दिसणार आणि दुसऱ्या अर्ध्यावर पृथ्वीची निळसर झाक. त्यासाठी त्यांनी आतून एलईडी दिव्यांनी मढवलेली एक पेटी बांधली, नायिका सँड्रा बुलकला आत ठेवलं आणि तिला गरगर फिरवण्याऐवजी भोवतीचा उजेड फिरवला. हे वाचलं तेव्हा मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या.

चुका आहेतच. हबल दुर्बीण साधारण साडेपाचशे किलोमीटरवर, अंतराळ स्थानक चारशेवर, कक्षाही निराळ्या. एकीकडून दुसरीकडे सिनेमातल्यासारखं तरंगत जाता येणार नाही. तू हे पहिल्या अर्ध्या तासात माझ्या कानात सांगशील. सांग. पण ताशी २८ हजार किलोमीटरने पृथ्वीला घिरट्या घालणाऱ्या, फुटलेल्या उपग्रहांच्या ठिकऱ्या दर दीड तासाने परत येतात, तेव्हा मात्र गप्प बस. ते मला तुझ्याशेजारी बसून पाहायचंय, दुसऱ्या कुणाबरोबर नाही.

वहिनींना आणि मुलांना आण. आई तुझ्यासाठी कडाकण्या करणार आहे.

सकाळची गाडी धर. इगतपुरी आली की फोन कर, मी स्टेशनवर येतो.

तुझाच,
अविनाश