फॅन-पॅड सिस्टीम बसवूनही पॉलिहाऊस तापतंय, डिझाइन दुरुस्त करून द्या

नमस्कार,

तुम्ही फॅन-पॅड सिस्टीम (एका टोकाला पाण्याने ओला राहणारा पॅड, दुसऱ्या टोकाला त्यातून हवा ओढणारे फॅन) बसवून दिलेल्या पॉलिहाऊसबद्दल लिहितोय. फोन केला की दरवेळी एकच उत्तर येतं, पॅड धुवा, मोटर चेक करा. पॅड स्वच्छ आहे, मोटर चालू आहे, म्हणून आता सगळं लेखी देतोय.

आत ढोबळी मिरची आहे. पॅडकडची झाडं बरी आहेत पण फॅनकडच्या भागात फुलं नुसती गळतायत, जी फळं धरली ती बारीक आणि वाकडी. भर दुपारी थर्मामीटर लावला तर पॅडजवळ २९ अंश आणि फॅनजवळ ३७! एवढ्या उष्णतेत मिरचीचे परागकण कमजोर पडतात, सेटिंग होत नाही म्हणजे फळच धरत नाही, हे तुमच्या माणसांना माहीत असणारच ना, मग ६० मीटर लांब घराच्या एका टोकाला पॅड आणि दुसऱ्या टोकाला फॅन हे डिझाइन पास कोणी केलं? पॅडमधून निघालेली हवा पुढे सरकताना उन्हाने तापतच जाते, म्हणून तर हे अंतर ४० मीटरच्या आसपासच ठेवतात. त्यात फॅनपण कमी पडतायत. आतली हवा साधारण मिनिटाला एकदा बदलली पाहिजे, तुमच्याच ब्रोशरमधल्या आकड्यांनी हिशोब केला तर जवळजवळ दोन मिनिटं लागतात, आणि तो आकडा मोकळ्या फॅनचा आहे, पॅड आणि किडींची बारीक जाळी मधे आली की हवा त्याहून कमीच ओढली जाणार.

पण सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगतो. "बाहेर कितीही तापू दे, आत २८ च्या वर जाणार नाही" असं सांगून तुम्ही सिस्टीम विकली, कोटेशनवर पण तसंच लिहिलंय, आणि आमच्याकडे हवा किती दमट असते हे एकानेही विचारलं नाही. पॅड बाष्पीभवनावर चालतो. टोकाला ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर (ओला थर्मामीटर) जो आकडा दाखवेल त्याच्या खाली तो हवा नेऊच शकत नाही, आणि चांगला पॅडसुद्धा तिथपर्यंतचं साधारण ८० टक्केच अंतर कापतो. बाहेर ४० आणि ओला थर्मामीटर २४ असेल तर २७ ची हवा मिळेल, मान्य. पण बाहेर ३४ आणि ओला २९ असेल तर पॅडमधून निघतानाच ती ३० असते, पुढे तापते ते वेगळंच. अशा दमट दिवसांसाठी छताला मोठी व्हेंट (गरम हवा बाहेर जायला उघडणारी जागा) आणि वरून सावली हवी. व्हेंट मी मागितली होती, गरज नाही म्हणालात. शेडनेट काळी दिलीत आणि तीही आतून, ती ऊन शोषून घेते आणि ती उष्णता आतच राहते.

आता माझं म्हणणं असं आहे. तुमचा इंजिनिअर भर दुपारी इथे पाठवा, कोरडा आणि ओला दोन्ही थर्मामीटर लावून पॅडपासून फॅनपर्यंत मोजमाप माझ्यासमोर करा. पॅड आणि फॅन लांबीच्या भिंतींवर समोरासमोर घ्या म्हणजे हवेला आडवं, कमी अंतर कापावं लागेल, फॅन वाढवा, छताला व्हेंट काढा आणि पांढरी किंवा अ‍ॅल्युमिनियमची सरकती नेट बाहेरून लावून द्या. हा सगळा खर्च तुमचा, कारण लेखी आकडा तुम्ही दिलाय. पुढची लागवड व्हायच्या आत काम पूर्ण झालं पाहिजे, नाहीतर सिस्टीम काढून न्या आणि पूर्ण पैसे परत करा. उत्तर फोनवर नको, लेखी द्या.

आपला ग्राहक