दुपारी १ ते ४ : काहीही नाही

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. एप्रिलमध्ये कोथरूडच्या दवाखान्यात आपली गाठ पडली, तेव्हा तुम्ही नातवाला लस द्यायला आला होतात आणि मी धाकट्याला मांडीवर घेऊन श्रीलंकेच्या सहलीवरून फोनवर तावातावाने भांडत होते. तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे.

भांडण एका सहल कंपनीशी चालले होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासाठी त्यांनी सात रात्रींत पाच हॉटेले, बेंटोटा आणि मिरिसाचे किनारे आणि जवळजवळ रोज पाच-सहा तासांचा प्रवास आखून दिला होता. चार वर्षांच्या मुलाला कात्रजच्या वळणांवरसुद्धा गाडी लागते, हे तीनदा सांगूनही ‘‘मुले गाडीत झोपतात हो, मॅडम’’ एवढेच उत्तर मिळत होते. पावसाचा तर त्यांनी उल्लेखही केला नव्हता.

तो तुम्ही केलात. भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला राहवले नसावे. ताम्हिणीत धो-धो कोसळणारा पाऊस बारामतीला जसा नुसते ढग दाखवून जातो, तसेच श्रीलंकेच्या मधल्या डोंगरांमुळे होते, हे तुम्ही समजावून सांगितलेत. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा, म्हणजे बेंटोटा-मिरिसाकडचा, किनारा भिजत असतो, तिथला समुद्र खवळलेला असतो. त्याच दिवसांत पूर्वेकडचे त्रिंकोमाली बहुतांशी कोरडे आणि शांत असते, कारण तिकडचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर हिवाळ्यात येतो. दहा मिनिटांत आमच्या सहलीने किनारा बदलला.

पण माझ्या मनात राहिले आहे ते त्यानंतरचे. नातवाच्या फायलीतला कोरा कागद काढून तुम्ही दिवस मांडायला घेतलेत आणि मध्येच थांबून विचारलेत, ‘‘हा दुपारी किती वाजता झोपतो?’’ महिनाभर आम्हाला माणशी खर्च, पासपोर्ट, हॉटेलचे तारे असे सारे काही विचारले गेले होते. हे मात्र कोणीच विचारले नव्हते. मी सांगितले, आणि तुम्ही प्रत्येक दिवसापुढे ‘१ ते ४ : काहीही नाही’ असे लिहून त्याखाली दोन ठळक रेघा ओढल्यात. (पुण्याच्या दुकानांची ही वेळ परदेशातही पाळावी लागेल, असे वाटले नव्हते.) पुण्यात न मागता सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा नाही, पण सल्ला देण्याआधी समोरच्याचे ऐकून घेणारे माणूस विरळाच.

सिगिरियाला, म्हणजे उंच खडकावरच्या जुन्या किल्ल्याला, आम्ही फाटक उघडताच पोहोचलो. थोरली वडिलांबरोबर सुमारे बाराशे पायऱ्या चढून वर गेली, धाकटा आणि मी खालच्या बागांत फिरलो, आणि दुपारच्या उन्हाच्या झळा सुरू झाल्या तेव्हा चौघेही पंख्याखाली आडवे झालो होतो. त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी धाकटा घोटाभर पाण्यात बसून अंधार पडेपर्यंत वाळू उपसत होता. सबंध सहलीत तो एकदाही किरकिरला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. दोनदा किरकिरला, आणि दोन्ही वेळा आम्ही तुमच्या रेघा ओलांडल्या होत्या.

तुमच्यासाठी सिलोन चहाचे पाकीट आणले आहे. ते दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे ठेवले असून ‘भूगोलाच्या बाई’ एवढेच त्यावर लिहिले आहे. नातवाच्या पुढच्या लसीला याल तेव्हा कृपया मागून घ्यावे.

आपली कृतज्ञ,
धाकट्याची आई