हातोडा आपटून पोटगी मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सामाजिक न्याय आणि कायदा या विषयावरच्या लघुपट स्पर्धेच्या बक्षीस समारंभाची बातमी काल आपल्या अंकात वाचली. मी त्या समारंभाला हजर होते, तिसऱ्या रांगेत. त्यामुळे बातमीत जे आलं नाही तेही मला ठाऊक आहे, आणि ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

पहिलं बक्षीस मिळालेल्या लघुपटात न्यायाधीश तीनदा हातोडा आपटतात. मी इथं इंदूरला कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कोर्टाच्या कागदांच्या नकला देण्याच्या कामात. एवढ्या वर्षांत एकाही न्यायाधीशांच्या टेबलावर मी हातोडा पाहिला नाही. आपल्या कोर्टांत तो वापरतच नाहीत. शिवाय प्रसंग कुटुंब न्यायालयातला आणि दोन वकील एकमेकांवर ओरडताहेत. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १३ सांगतं की तिथं वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयानं परवानगी दिली तरच. शेवटी निकाल लागतो, बाई हात जोडते, मागे सतार वाजते. करणारी मुलं विशीतली आहेत, पडद्यावर जे बघत आली तेच त्यांनी केलं. त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. राग परीक्षकांवर आहे.

माझ्या भाचीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनीही एक लघुपट पाठवला होता. नऊ मिनिटांचा, मोबाइलवर काढलेला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची ती खरी हकिकत. बाईंनी चेहरा दाखवू नका म्हटलं, म्हणून सगळा वेळ त्यांचे हातच दिसतात. कणीक मळणारे हात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोर्टाचे कागद एकेक काढून गुडघ्यावर सरळ करणारे हात. भिंतीवरच्या कालनिर्णयात एकाच चौकटीत दुधाचा हिशेब आणि पेशीची, म्हणजे कोर्टातल्या तारखेची, खूण. कागदांच्या घड्या इतक्या झिजल्यात की आदेशाची तारीख मधोमध फाटली आहे. ती फाटलेली तारीख पडद्यावर दिसली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले, हे मी स्वतः पाहिलं.

हकिकत अशी. २०२२च्या दिवाळीनंतर बाईंना दरमहा ४,००० रुपये पोटगीचा आदेश मिळाला. नवऱ्यानं एक पैसा दिला नाही. बाई वाट बघत राहिल्या. मला विचारायच्या, "ताई, ऑर्डर तर झाली ना, मग पैसा का येत नाही?" मी म्हणायचे, येईल. ३१ महिने असे गेले. मग वसुलीचा अर्ज केला तेव्हा कळलं की वॉरंट काढायचं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पूर्वीच्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १४४ मध्येही तसंच आहे. म्हणजे मागचे १२ महिने हाती लागण्यासारखे. आधीच्या १९ महिन्यांच्या ७६,००० रुपयांवर त्या वाटेनं पाणी सोडावं लागलं. आयुष्यभर कोर्टात काढून मला हे वेळेवर आठवलं नाही, याचं दुःख मला आहे आणि राहील. मुलींनी लघुपट केला तो एवढ्यासाठीच, की दुसऱ्या कुणा बाईचं वर्ष फुकट जाऊ नये.

मुलींनी परीक्षकांना गाठून विचारलं, काय कमी पडलं? उत्तर मिळालं, "विषय फार तांत्रिक आहे, प्रेक्षकाला भिडत नाही." कायद्यावरच्या स्पर्धेत कायदाच तांत्रिक ठरला! ज्या बाईचे ७६,००० गेले तिला तो चांगलाच भिडला आहे.

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीचा शहाबानो खटला आपल्याच इंदूरचा. १९८५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्यांना पाठ आहे, त्यावर भाषणं होतात. पण त्या बाईंनी १९७८ मध्ये इथल्या कोर्टात अर्ज केला तो महिना ५०० रुपयांसाठी. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केले २५ रुपये. उच्च न्यायालयानं १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. वीस पैशांपर्यंतचा हा हिशेब ज्या गावात झाला, तिथल्या परीक्षकांना पोटगीची वसुली रटाळ वाटावी? एखाद्या परीक्षकानं कोर्टाच्या व्हरांड्यात एक सकाळ बसून पुकाऱ्याची वाट पाहिली असती तर असं उत्तर त्यांच्या तोंडून निघालं नसतं. पुढच्या वर्षी परीक्षकांत निदान एक तरी अशी बाई घ्या, जिनं स्वतः पेश्या केल्या आहेत, असं आयोजकांना माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता आपल्याबद्दल. बातमीत दीप लावणाऱ्या अकरा पाहुण्यांची नावं आहेत, फोटोही मोठा आहे. लघुपट कशावर होते याला एक ओळ. त्याच जागेत १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक छापता आला असता. १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. आमच्या बाई टायपिंगवाल्याला आणि मध्यस्थाला पैसे देत राहिल्या, कारण हे त्यांच्या वाचनात कधी आलंच नाही. आपला पेपर आमच्या घरी चाळीस वर्षं येतो, म्हणून हक्कानं सांगते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग २०१५ पासून लघुपट स्पर्धा घेतो. तिथं कोणत्याही भारतीय भाषेतला लघुपट चालतो, खाली इंग्रजी उपशीर्षकं हवीत. ती लिहायला मुली बसल्या आहेत. "पेशी"ला काय लिहायचं यावरून काल संध्याकाळी त्यांचा बराच वाद झाला. बाईंची पुढची पेशी येत्या १९ तारखेला आहे. या वेळी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर