साहेब, बेळगावला एकदा मार्चमध्ये या

मा. ऊर्जामंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

स. न. वि. वि.

अधिवेशनाच्या निमित्ताने आपले बेळगावला येणे होते ते बहुतेक डिसेंबरात. सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये उभी राहिली, तेव्हापासून हिवाळ्यातले हे येणे-जाणे आम्हाला सवयीचे झाले आहे. त्या दिवसांत इथली हवा सुरेख असते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावाला जुनी माणसे गरिबांचे महाबळेश्वर म्हणायची. पण मार्च संपता संपता इथल्या उघड्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता बसून पाहावे. पंखा वरची गरम हवा तेवढी खाली ढकलत असतो, आणि रात्री अकरा वाजता हात वर केला तरी छताची धग लागते.

मी सत्तावीस वर्षे बेळगाव-खानापूर भागात घरे बांधतो आहे. मला आपल्याला एकच गोष्ट सांगायची आहे. वीज पुरवण्यावर सरकार जो पैसा घालते, त्यातला थोडा आता आमच्या छपरांवर घाला.

शहापुरातले आमचे जुने घर मीच पाडले. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर खानापूरची कौले, मधे माळा. आई भर मे महिन्यात सोप्यात पंख्याशिवाय झोपायची. त्या जागी मी दोन मजली स्लॅबचे घर बांधले आणि वरची मोठी खोली तिला दिली. पहिल्याच उन्हाळ्यात तिने अंथरूण उचलून परड्याकडच्या पडवीत नेले. ती तक्रार कधीच करत नव्हती, म्हणून ते मला जास्त लागले. त्यानंतर दुसऱ्यांची घरे बांधतानाही मी वर बघायला शिकलो.

कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, आणि माळ्यातली हवा ऊन आणि माणूस यांच्यामध्ये आडवी येते. पाच इंची स्लॅबला यातले काही नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी माणसे घरी परतली की ते खाली सोडू लागतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घातली आहे : एक चौरस मीटर छत, आत-बाहेर एक अंशाचा फरक, तर जास्तीत जास्त १.२ वॉट. साध्या स्लॅबमधून याच्या अडीच ते तीन पट उष्णता आत येते. आमच्या भागातल्या एकाही गवंड्याच्या तोंडून मी या संहितेचे नाव ऐकलेले नाही. मोठ्या इमारतींसाठीचा ऊर्जा संहितेचा नियम १०० किलोवॉट जोडभाराच्या, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या उपकरणांच्या मिळून भाराच्या, पुढे लागतो. म्हणजे मॉल आणि बडी रुग्णालये. वडगावातल्या विणकराच्या घराला किंवा निपाणीतल्या विडी कामगार बाईच्या दोन खोल्यांना तो शिवतही नाही.

घरांना २०० युनिटांपर्यंत मोफत वीज देणाऱ्या आपल्या गृहज्योती योजनेबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माझ्याकडच्या सेंट्रिंगवाल्यांच्या घरी २०२३ पासून शून्य बिल येते आणि त्या पैशांत मुलांच्या वह्या येतात, हे मी पाहतो. पण २०० युनिटांची रेघ ओलांडली की त्या महिन्याचे सगळेच बिल भरावे लागते, आणि ही रेघ ओलांडली जाते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये, स्लॅब तापल्यामुळे. साधा पंखा ७५ वॉट खातो. दिवसाला बारा तास धरले तर तीन पंख्यांचे महिन्याला ८१ युनिट होतात. कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे, म्हणजे बीएलडीसी पंखे ३० वॉटच्या आसपास चालतात, तेवढ्याच वेळाला ३३ युनिटही लागत नाहीत. पण असा पंखा दुप्पट महाग, म्हणून रोजंदारीवरचा माणूस तो घेत नाही. वीज कंपन्यांनी मागे स्वस्तात एलईडी बल्ब दिले, घराघरांतले जुने बल्ब गेले. पंखेही तसेच द्या, हप्ते बिलातून कापून घ्या.

छपराचे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बाहेरचा उपाय जसाच्या तसा चालणार नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले. पांढरा रंग किंवा पांढरी फरशी लावून ऊन परतवायचे. अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडे कोरडा उन्हाळा असतो, तिथे हे उत्तम लागू पडेल. खानापुरात चार महिने पाऊस कोसळतो. एका पावसाळ्यात पांढऱ्या छतावर शेवाळ धरते आणि ते काळे पडते. तिथे चुना दरवर्षी होळीच्या आधी द्यायला हवा. थोडा फेव्हिकॉल मिसळलेला दोन हात चुना, एका माणसाचे एका दिवसाचे काम. मी गेली सहा वर्षे आमच्या घरावर हे करतो, आणि आई आता वरच्या खोलीत झोपते.

दुसरा उपाय आमच्या लोकांनी आपणहून शोधला आहे. पाऊस गळू नये म्हणून बेळगावभर स्लॅबवर पत्र्याचे छप्पर घालतात. पत्रा वरून पांढरा असेल, स्लॅबपासून पाच-सहा फूट उंच असेल आणि चारी बाजू मोकळ्या असतील, तर तीच सावली स्लॅबला तापू देत नाही. पावसातली ओल वाचते, उन्हाळ्यातली धगही वाचते. पण लोक कडेने भिंती घालून त्याची खोली करतात, आणि मग पत्र्याखालची भट्टी होते. उघड्या पत्र्याला मजला न धरता सावली धरावे आणि घरपट्टीत त्याचा भार पडू नये, एवढा स्पष्ट नियम झाला तर लोक तो मोकळा ठेवतील. हे आपल्या एकट्याच्या खात्याचे काम नाही, नगरविकास खात्याशी आपल्याला बोलावे लागेल, हे मला कळते.

थंडीतला प्रश्न अंघोळीच्या पाण्याचा. पूर्वी न्हाणीत तांब्याचा बंब असायचा, आता गिझर आहे. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेले. सौर बंब इथे ऑक्टोबर ते मे छान चालतो. पावसाळ्यात नाही, आणि विकणारे ते सांगत नाहीत, म्हणून लोक नंतर चिडतात. खरे सांगून विकले तर जास्त खपेल.

सुरुवात सरकारी शाळांपासून आणि अंगणवाड्यांपासून करा, अशी माझी विनंती आहे. त्या इमारती आपल्या मालकीच्या आहेत, परवानगी कुणाची मागायची नाही. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी दुरुस्तीसाठी गेलो होतो. परीक्षा चालू होती, पत्र्याखाली मुले बसली होती आणि घामाने उत्तरपत्रिकेचा कागद हाताला चिकटत होता. त्या पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे आतले छत घातले तरी फरक पडला असता. तट्ट्या विणणारी माणसे त्याच गावात आहेत.

एक गोष्ट भाषेची. पत्र मराठीत लिहिले आहे, कन्नड प्रत सोबत जोडली आहे. छताची, पंख्याची, सौर बंबाची माहिती सीमाभागात कन्नडबरोबर मराठीतही छापा. माझ्याकडचे निम्मे गवंडी फक्त मराठी वाचतात. छत कसे बांधायचे हे शेवटी तेच ठरवतात, इंजिनिअर नाही. चार चित्रे आणि चार ओळी पुरतील. मजकूर मी लिहून देईन, त्याचे पैसे नकोत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा भरलेली असताना, आपण खानापूरला या. आगाऊ कळवले तर मी दोन उष्णतामापके आणतो. एक चुना दिलेल्या खोलीत लावू, एक न दिलेल्या. आकडे आपणच वाचा.

कळावे,

आपला,
बेळगावचा एक बांधकाम ठेकेदार