कोरियाच्या करारातून बेळगावने काय घ्यावे?

महोदय,

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापार कराराच्या बातम्या, २०२२ मध्ये वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्यापासून, आपल्या दैनिकातून नियमित येत आहेत आणि उद्यमबाग-मच्छे या बेळगावच्या औद्योगिक परिसरात त्यांची चर्चाही होते. पण ती बहुधा किती टक्के शुल्क उतरणार, एवढ्यावरच थांबते. युरोपीय संघाने दक्षिण कोरियाशी असा करार पूर्वीच केलेला आहे. त्यात लहान कारखान्यांच्या वाट्याला काय आले, हे इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉप चालवणाऱ्यांनी समजून घेणे मला फार गरजेचे वाटते, म्हणून हे पत्र.

त्या करारावर ६ ऑक्टोबर २०१० रोजी ब्रुसेल्समध्ये सह्या झाल्या, १ जुलै २०११ पासून तो तात्पुरत्या स्वरूपात लागू झाला आणि १३ डिसेंबर २०१५ रोजी पूर्णपणे अमलात आला. खरे तर तो २०११ च्या जानेवारीपासूनच लागू व्हायचा होता. परंतु कोरियाच्या लहान मोटारी स्वस्तात येऊ लागल्या तर आपल्या मोटार उद्योगाचे काय होणार, हा प्रश्न इटलीने लावून धरला आणि सहा महिने पदरात पाडून घेतले. मोठ्या मोटारींवरचे शुल्क तीन वर्षांत, तर लहान मोटारींवरचे पाच वर्षांत उतरवायचे ठरले. पुढे २०१२ मध्ये फ्रान्सने कोरियन मोटारींच्या आयातीवर देखरेख ठेवण्याची मागणी केली, तेव्हा मात्र युरोपीय आयोगाने आकडे तपासून ती फेटाळली. सह्या होण्याआधी ज्याने तोंड उघडले त्याचे ऐकले गेले, नंतर बोलणाऱ्याकडे पुरावा मागितला गेला.

मोटारींपेक्षाही आपल्या कामाची गोष्ट आहे ती माल कोणत्या देशात तयार झाला हे सिद्ध करण्याची. कोरियातून जहाजात चढलेली प्रत्येक वस्तू या करारात कोरियन ठरत नाही. उदाहरणार्थ, मोटारीच्या कारखान्यातील किमतीत बाहेरच्या देशांतून आलेल्या सुट्या भागांचे मूल्य ४५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तिला सवलत मिळत नाही. माल कोरियन आहे, हे निर्यातदाराने स्वतः इन्व्हॉइसवर लिहून द्यायचे असते. मात्र ६,००० युरोंपेक्षा जास्त किमतीच्या खेपेसाठी तसे लिहून देण्याचा अधिकार सीमाशुल्क खात्याने मान्यता दिलेल्या निर्यातदारालाच आहे, आणि मान्यता मिळवायची तर प्रत्येक सुट्या भागाचा हिशेब, पुरवठादाराच्या लेखी हमीसह, दाखवता आला पाहिजे. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात. लहान कारखानदाराला ते झेपणार नाही हे ओळखून कोरियाच्या सीमाशुल्क खात्याने या नोंदी ठेवण्याची संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली आणि ठिकठिकाणच्या व्यापारी मंडळांत मार्गदर्शन केंद्रे चालू झाली. करार झाल्यावर सरकारने करायचे खरे काम हेच आहे, असे माझे मत आहे.

ज्यांना हिशेब येतो ते करार लागू होताच कामाला लागतात. कच्च्या तेलावर कोरियात ३ टक्के आयात शुल्क होते. युरोपच्या करारामुळे ते ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील तेलापुरते माफ झाले, आणि इतक्या लांबचे तेल कोरियातील शुद्धीकरण कारखान्यांनी जहाजे भरभरून आणले. लहान कारखान्यात हा हिशेब कोणी करायचा?

आता आपल्याकडचे पाहा. पंपाचे एखादे कास्टिंग घ्या. त्याचे स्क्रॅप कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून येते, ओतकाम उद्यमबागेत होते, मशिनिंगसाठी ते कधी मच्छेला, तर कधी राज्याच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रातील शिनोळीला जाते, आणि शेवटी पुण्याच्या निर्यातदाराच्या नावाने बंदरावर पोहोचते. फाउंड्रीत प्रत्येक ओतणीचा हीट नंबर पडतो आणि चांगल्या कारखान्यात तो रजिस्टरमध्येही असतो. पण कास्टिंग जॉबवर्कच्या चलनावर, म्हणजे बाहेर कामाला पाठवताना सोबत द्यायच्या कागदावर, बाहेर पडले की त्या चलनावर फक्त नग आणि वजन उरते. तो नग कोणत्या ओतणीतला, त्यात आयात केलेला कच्चा माल किती, हे वर्षभराने कोणी विचारले तर सांगता येणार नाही. इथे गुणवत्तेचा प्रश्नच नाही, इथले कास्टिंग कुठल्याही तपासणीत टिकते. कागदाची साखळी मात्र चलनापाशी तुटते, आणि निर्यातदार साहजिकच ज्याचा कागद पुरा आहे त्याच्याकडे वळतो.

भारताचाही कोरियाशी करार आहे आणि तो युरोपच्या आधी, १ जानेवारी २०१० पासून, लागू आहे. युरोपची कोरियाशी असलेली व्यापारातील तूट करारानंतर थोड्याच वर्षांत भरून निघाली. आपली मात्र वाढत गेली आणि २०१६ पासून त्या कराराच्या सुधारणेची बोलणी चालली आहेत. युरोपकडे विकायला यंत्रे आणि महागड्या मोटारी होत्या, हे त्याचे मोठे कारण आहेच, आणि ते कागदपत्रांनी बदलणारे नाही. तरीही त्या करारात कोणत्या मालाला काय सवलत आहे, हे इथल्या लहान कारखानदारांना कोणी येऊन सांगितल्याचे मला आठवत नाही. युरोपच्या बाबतीत असे पुन्हा घडू नये.

म्हणून जिल्हा उद्योग केंद्राला आणि येथील उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे की, जॉबवर्कच्या चलनावर हीट नंबर आणि कच्च्या मालाच्या बिलाचा क्रमांक लिहिण्याचा एकच नमुना सर्वांनी मिळून आताच ठरवावा. तो कोल्हापूरच्या संघटनांशी बोलून ठरवला, तर शिनोळीला गेलेला मालही त्यात येईल. पुरवठादाराने द्यायच्या हमीपत्राचा मसुदा मराठीत आणि कन्नडमध्ये असावा, कारण रजिस्टर लिहिणारा सुपरवायझर याच भाषांत काम करतो. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला, आता ऑनलाइन मिळते, पण त्यासाठी लागणारी माहिती भरून देणारा जाणकार माणूस आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी उद्यमबागेत बसला पाहिजे, आणि त्याचा खर्च पहिली काही वर्षे सरकारने उचलावा.

आपला,
एक लघुउद्योजक,
उद्यमबाग, बेळगाव